दुकानातला कर्कश रेडिओ

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर वडिलांनी साताऱ्यातल्या आपल्या शिलाईच्या दुकानासाठी टेबलावरचा रेडिओ घेतला. मला एक मंजुळ आवाजाचा आवडला होता. पण ते विक्रेत्याला एकेक रेडिओ लावायला सांगत आणि रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहत. शेवटी सगळ्यात कर्कश होता तोच निवडला. म्हणाले, "मशीन चालू असताना ऐकू यायला पायजे." मला भयंकर राग आला.

सकाळी रेडिओ गरजला की समोरचा चहावाला ओळखायचा, मास्तर आले, आणि कप घेऊन यायचा. आवाज वर्षागणिक वाढतच गेला. पुढं पुढं चहा पिताना वडील डावा हात रेडिओवर ठेवत. "हाताला कळतं, गाणं हाय का बातम्या," असं एकदा आईला म्हणाले, तेव्हा कुठं आम्हाला समजलं की त्यांचे कान केव्हाच गेले होते.

त्यांचं तेरावं झाल्यावर मी दुकान उघडलं. भिंतीवरचं बटण नुसतं दाबलं आणि रेडिओ त्यांनी लावून ठेवलेल्या मोठ्या आवाजातच गरजला. चहावाला सवयीनं लगबगीनं आला आणि मला पाहून दारातच थबकला. मग त्यानं कप रेडिओशेजारी, नेहमीच्या जागी ठेवला.