आरोहीच्या मापाचा पुतळा

माझा मुलगा शहादेव बायकांचे कपडे शिवायचा. आमच्या बीड जिल्ह्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "आन् दुसरं काय करतो?" दुसरं काही करत नव्हता. आता हेही करत नाही.

नाव त्याच्या पणजोबांचं. आम्ही दिंद्रुडजवळच्या एका खेड्यातले गुरव. माझे यजमान सुंदरराव शाळेत लिपिक होते, पण देवीची पूजा भावकीत पाळीने फिरायची. आमची पाळी आली की सासरे रोज देवीला लुगडं नेसवायचे. दगडाची मूर्ती, हात अंगाला चिकटलेले, कमरेला बाक नाही. तिला नेसवायचं ते नुसत्या घड्यांवर आणि गाठींवर. शहादेव तिथे बसून बघायचा. एकदा सासरे तापाने पडले तेव्हा त्याने एकट्याने नेसवलं. सासरे भिंत धरत देवळात आले आणि मूर्तीकडे बघून म्हणाले, "आता चालती का काय, आसं वाटायलंय."

बारावीनंतर त्याने पुण्याला फॅशन डिझाइनचा कोर्स धरला. यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मी बी.ए. झालेली बाई, मुलाच्या हातात काय आहे ते मला दिसत होतं, म्हणून मी पाठीशी उभी राहिले. पुढे त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो इटलीत, मिलानला, एका मोठ्या फॅशन घराण्याच्या कारखान्यात काम शिकायला गेला. तिथल्या लोकांना त्याचं नाव उच्चारता येईना, ते त्याला नुसतं 'शादे' म्हणायचे.

फोनवर तो भरभरून बोलायचा. "आई, हितं एक कपडा एकाच बाईसाठी होतो. दुसरीला येतच न्हाई. कापड आधी कापत न्हाईत, अंगावर सोडत्यात. आपण देवीला सोडतो ना, तसं."

"मग बायका तासन् तास उभ्या राहतात का रे?"

"न्हाई गं. परतेकीचा पुतळा असतो. कापूस भरून, पट्ट्या गुंडाळून अगदी तिच्या अंगाचा करत्यात आन् वर तिच्या नावाची चिठ्ठी लावत्यात. बाई ऱ्हाती दुसऱ्या देशात, आन् तिची पाठ हितं आमच्यापुढं."

व्हिसा संपल्यावर तो परत आला. पुण्यात राहा म्हटलं तर ऐकेना. "आपल्याकडच्या बायकांनी काय पाप केलंय?" म्हणाला. बीडमध्ये कोचिंग क्लासच्या गल्लीत त्याने वरच्या मजल्यावर जागा घेतली. हे एव्हाना निवृत्त झाले होते, अबोलाही सुटला होता, म्हणून आम्ही दोघंही गाव सोडून त्याच्याजवळ राहायला आलो. खाली छबुबाईंचं फॉल-पिकोचं दुकान. जिभेने तिखट, पण मला जवळची झालेली बाई.

आमच्याकडे शिवायला टाकायचं म्हणजे मापाचं झंपर पाठवायचं, आधीचं, अंगाला येणारं. बाई स्वतः येत नाही, तिचं झंपर येतं, बहुतेक वेळा भावाच्या गाडीच्या डिकीतून. शहादेवला ते चालायचं नाही. जुन्या झंपरावरून जुन्या टेलरची चूक तेवढी कळते, असं तो म्हणायचा. छबुबाई हसायच्या. "ओ बाई, पोराला सांगा, हितं माप झंपराचं घेत्यात, बाईचं न्हाई. आसं करत बसला तर नवऱ्या म्हाताऱ्या व्हतील."

मग मी आणि शहादेवने मिळून रीत काढली. पडद्याआड मी टेप घेऊन माप घ्यायची आणि आकडे सांगायची. पडद्याबाहेर तो कागदावर आखायचा. हळूहळू चार बायका येऊ लागल्या. एक शिक्षिका आरशात स्वतःला बघून रडली होती. "माझी पाठ आशी हाय व्हय?" म्हणाली. त्या दिवशी शहादेव जेवताना गाणं गुणगुणत होता.

गेवराईच्या अमरसिंहांची मुलगी आरोही त्या शिक्षिकेमुळे आली. अमरसिंह पुढारी माणूस, दारात कायम चार गाड्या. आरोहीचं लग्न ठरलं होतं. तिला रिसेप्शनला गाऊन हवा होता आणि तो शहादेवनेच करावा, असा तिचा हट्ट होता. तिची आई मंगलताई सोबत होत्या.

"एकदाच येईल ती," मंगलताई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा पोरगी बीडला शिंप्याकडं चालली म्हनल्यावर पाव्हने काय म्हनतील? आन् हळद लागल्यावर तर वेशीबाहेर पाऊल टाकायचं न्हाई."

"चालंल की मावशी," शहादेव म्हणाला. "एकदाच येऊ द्या. त्यांच्या अंगाचा पुतळा करून ठेवतो, मग त्यांना यायचं कामच न्हाई."

त्यांच्या रिवाजाला धक्का लागू नये म्हणून त्याने तो पुतळा केला. हे मी ज्याला त्याला सांगत आले. कुणी ऐकून घेतलं नाही.

मी आरोहीचं माप इतकं बारकाईने घेतलं की तीच म्हणाली, "काकू, माझा एमआरआयच झाला." उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, लॅपटॉपची बॅग वाहून. शहादेवने दुकानातल्या साध्या पुतळ्यावर कापूस चढवला, वर जाडं कापड ताणून शिवलं, तो खांदासुद्धा तसाच उतरवला. छातीवरून, कमरेवरून लाल फिती लावल्या, शिवण कुठून जाणार ते कळायला. फितीच्या कडेने टाचण्या. गळ्याशी चिठ्ठी: 'आरोही'. पाठीमागून पाहिलं तर तीच उभी आहे असं वाटायचं.

गाऊन मोतिया रंगाचा होता. मी आयुष्यात इतकं सुंदर कापड कुणाच्या अंगावर पाहिलं नाही. आरोहीच्याही अंगावर ते मला कधी दिसलं नाही.

लग्न तोंडावर आलं आणि आरोही तापाने पडली. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला. घर हबकून गेलं. देवाचं झालं, उतारा झाला. त्याच धावपळीत मंगलताई नणंदेला घेऊन गाऊन कुठवर आला ते बघायला बीडला आल्या. शहादेव गाऊनची खालची घडी हाताने घालत बसला होता, म्हणून गाऊन टेबलावर होता. पुतळा उघडा उभा होता.

आधी नणंद थबकली. मग मंगलताईंनी चिठ्ठी वाचली.

"अगं माय गं! माज्या लेकीची भावली केलीया! टाचण्या टोचल्याती बघा!"

मी पुढे झाले. "मंगलताई, अहो कपड्यासाठी लागतो तो. तुमच्यासमोरच ठरलं होतं."

"तुमी पुतळा म्हनला व्हता. टाचण्याचं कुठं म्हनला व्हता?" मंगलताई म्हणाल्या. नणंदेने पुढचं बोलून टाकलं, "गुरवाचं घर तुमचं. देवाचं बी येतं, आन् ह्ये करणीचं बी येतं!"

शहादेवने हातातली सुई हळूच कापडात खोवली आणि तो उभा राहिला.

संध्याकाळी अमरसिंह स्वतः आले. ओरडले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं, मग मला भांडता आलं असतं. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं.

"पोरा, मला ह्ये काय पटत न्हाई. मी शिकलेला माणूस हाय. पण पोरगी अंथरुणात हाय, आन् तिकडून पाव्हन्यांचा फोन आलाय. आता टाचण्या काढून टाक. तुज्या हातानं काढ."

"काका, औषध चालू हाय ना त्यांचं?" शहादेव म्हणाला.

"औषध चालूच हाय. तू टाचण्या काढ."

त्याने काढल्या. दाराशी उभी असलेली त्यांची माणसं मोबाईलवर चित्रण करत होती. एकेक टाचणी तो इतकी जपून काढून डबीत टाकत होता की पाहणाऱ्याला खरंच वाटलं असतं, हा केलेली करणी उतरवतो आहे. मग त्यांनी पुतळा उचलला. जिन्यात त्याचं कापड फाटलं आणि कापूस खालपर्यंत सांडत गेला. गोदावरीत सोडला म्हणतात. गाऊनही नेला, त्याचं काय केलं ते कुणी सांगितलं नाही.

आरोहीचा ताप उतरला. टायफॉईडचं औषध लागू पडलं की उतरतो. पण टाचण्या निघाल्या आणि ताप उतरला, एवढंच लोकांनी पाहिलं. यापुढे काय बोलणार? ती मुलगी बरी झाली याचा मला आनंदच आहे, आणि तिच्या बऱ्या होण्यानेच माझा मुलगा कायमचा दोषी ठरला. लग्न थाटात झालं. तिच्याकडून फोन आला नाही. आला असता तरी ती काय म्हणणार होती?

हे म्हणाले, असा जादूटोण्याचा आळ घेण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार करू. वकिलांनी विचारलं, साक्षीला कोण? छबुबाईंनी जिन्यात उभं राहून सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "बाई, मला हितंच धंदा करायचाय." शिक्षिका आपलं अर्धवट शिवलेलं कापड घेऊन गेली. गावाकडून भावकीचा निरोप आला की यंदाची तुमची पाळी आम्हीच करतो. दुकानाचं शटर शहादेवने ओढलं ते ओढलंच.

मिलानहून त्याच्या जुन्या वरिष्ठांचा निरोप आला होता, ये म्हणून. मी किती आशेने त्याच्याकडे पाहिलं! तो म्हणाला, "आई, तिथं बी पुतळ्यालाच टाचणी लावावी लागंल. मला न्हाई लावता येत आता. टोक कापडात गेलं की वाटतं, कुणाच्या तरी अंगात गेलं."

"तू असं कसं म्हणतोस? तूच असं मानायला लागलास?"

"मानत न्हाई मी. हात मानतो."

डॉक्टरांना दाखवू म्हटलं तर म्हणतो, दाखवू. जात नाही. दिवसभर पडून असतो. मी कामं सोडून उगाच त्याच्या खोलीवरून येते-जाते आणि पंख्याचा आवाज ऐकते. आताही तो झोपला आहे की नुसता पडला आहे, मला सांगता येणार नाही.

काल यांच्या सदऱ्याची बाही उसवली. चार टाक्यांचं काम. मी मुद्दाम सदरा शहादेवच्या उशाशी ठेवला आणि काही बोलले नाही. संध्याकाळी सदरा खुर्चीवर घडी करून ठेवलेला होता. बाही शिवलेली. मी तो उजेडात नेला. टाके मशीनचे होते, घाईचे, दोरा वेगळ्याच निळ्या रंगाचा. एसटी स्टँडसमोरच्या टेलरकडून तो शिवून घेऊन आला होता.

शहादेव दारात उभा होता.

"चांगला शिवलाय का?" त्याने विचारलं.

"चांगला शिवलाय," मी म्हणाले.