काचेची धूळ

विपुल रामटेकेला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. जर्मनीत डार्मश्टाटच्या एका संस्थेत तो अँटेनांवर संशोधन करायचा. कंत्राट उन्हाळ्यात संपणार होतं आणि वाढणार की नाही, हे कोणी धड सांगत नव्हतं. प्रोफेसरांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "आल्झो... म्हणजे, बघतोय आम्ही." घरी आल्यावर विपुल फोन उचलून मेल बघायचा, ठेवायचा, परत उचलायचा. जेवताना टेबलाखाली त्याचा पाय सतत हलत राहायचा.

"बाबा, हॉर आउफ! थांबव ना!" सहा वर्षांची अन्वी वैतागून म्हणायची. मग तो पाय थांबवायचा आणि बोटं वाजवायला लागायचा.

अशातच त्याचा एक सहकारी गाव सोडून चालला होता. एर्फेल्डनला, ऱ्हाईन नदीच्या जुन्या फाट्याजवळ, एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्याची शिडाची छोटी बोट पालथी पडून होती. फायबरग्लासची, जुनीपुराणी. "घेऊन जा, नाहीतर भंगारात टाकतो," तो म्हणाला. विपुलने जन्मात बोट चालवली नव्हती. तरी तो हो म्हणाला.

"आपण इथे राहणार की नाही तेच ठरलेलं नाही, आणि तू बोट घेतलीस?" त्याच्या बायकोने, प्रियाने विचारलं.

"म्हणूनच घेतली. हाताला काहीतरी काम हवंय मला."

बोटीच्या तळाला बारीक तडे गेले होते. पुढच्या टोकाजवळ ताटाएवढी जागा मऊ पडली होती. अंगठ्याने दाबलं की आत जायची. वरचा थर घासून काढायचा, मऊ भाग कापायचा आणि तिथे काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून बसवायचं, एवढं त्याने व्हिडिओ बघून ठरवलं. बाऊमार्क्टमध्ये, म्हणजे हत्यारं-अवजारांच्या मोठ्या दुकानात, त्याने दोन मशीन हातात घेऊन पाहिली. एक घासकामाचा गोल सँडर. त्याच्या कागदाला भोकं होती आणि मागे धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी जोडायची सोय होती. दुसरा, झपाट्याने घासणारा-कापणारा अँगल ग्राइंडर. सँडरवाल्या व्हिडिओतला माणूस फारच सावकाश काम करत होता. विपुलने ग्राइंडर घेतला.

पहिल्या शनिवारी चकती तळाला टेकली आणि पांढरा ढग उठला. मशीन गरजत होतं, जुना थर भराभरा उडत होता. कितीतरी आठवड्यांनी विपुलच्या डोक्यात कंत्राट नव्हतं. धूळ बसल्यावर दिसलं, की तळावर चरच चर पडलेत. पण तो थांबला नाही. पुढे तर ऑफिस सुटल्यावरही तो शेडवर जायला लागला. तोंडाला मास्क लावायचा, बाकी अंगावर रोजचेच कपडे. घरी आला की ते झटकून धुण्याच्या टोपलीत टाकायचा.

धुणं प्रियाच्या आई बघायच्या. नंदाताई नागपूरहून लेकीकडे राहायला आल्या होत्या. काही दिवसांत त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. "इथल्या पाण्यातच काहीतरी आहे गं," त्या म्हणायच्या. डॉक्टरांनी मलम दिलं, उपयोग झाला नाही. मग अन्वीची मान खाजायला लागली. शाळेतून आली की ती स्वेटर ओढून काढायची आणि रडायची. विपुललाही खाज होतीच. थंडीने कातडी कोरडी पडली असेल, म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

एका दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि अन्वीच्या काळ्या स्वेटरची बाही प्रियाला चमकताना दिसली. प्रिया औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची. तिने बाहीवर चिकटपट्टी दाबली आणि दुसऱ्या दिवशी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. संध्याकाळी तिने फोनवरचा फोटो विपुलसमोर धरला. सुयांसारखे सरळ, पारदर्शक तंतू.

"काच आहे ही. तुझ्या बोटीची."

नंदाताईंनी फोटो पाहिला, आपल्या हातांकडे पाहिलं. "जावईबापू, आधी सांगितलं असतं तर मी तुमचे कपडे वेगळे धुतले असते," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"टाकून देतो बोट," तो म्हणाला.

"टाकू नकोस. परत घरात येरझारा घालत बसशील. नीट कर."

या वेळी दुकानात प्रिया सोबत गेली. कागदाची भोकं सँडरच्या भोकांशी जुळतात का, नळी घट्ट बसते का, व्हॅक्यूम इतकी बारीक धूळ अडवतो का, सगळं तिने विचारून घेतलं. सँडर, व्हॅक्यूम आणि अंगभर घालायचे पांढरे सूट घेतले. सूट शेडमध्येच राहायचे. मऊ भाग कापायला मात्र ग्राइंडरच लागला. विपुल कापत होता आणि प्रिया व्हॅक्यूमची नळी चकतीपाशी धरून होती. "हळू," ती सारखी ओरडत होती.

पुढचं सगळं काम सँडरवर होतं. विपुलला ते सोसवेना. हात शिवशिवायचा, जोर लावावासा वाटायचा, पण जोर लावला की चकती फिरायचीच थांबायची. आपणच पाडलेले चर त्याने भरले, घासले, परत भरले.

काचेचं कापड बसवायच्या दिवशी ऊन चांगलं होतं. त्याने रेझिन कालवलं, पहिला थर ब्रशने दाबून बसवला आणि खिशातला फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. हातमोजे चिकट, भांड्यातलं रेझिन गरम होऊन घट्ट व्हायला लागलेलं.

"प्रोफेसर असतील," तो म्हणाला.

"मी काढू का खिशातून?" प्रियाने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे. "नको. पुढचा तुकडा दे."

शेवटचा थर बसेपर्यंत त्याने फोनला हात लावला नाही.

फोन प्रोफेसरांचाच होता. कंत्राट वाढलं होतं, पण फक्त सहा महिने. आनंद मानावा की नाही, हे दोघांनाही कळेना. त्या रविवारी विपुलने जवळच्याच एश्बॉर्नच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला.

नंदाताई परत जायच्या आत बोट पाण्यात उतरली. शीड बोटीबरोबर मिळालंच नव्हतं, वल्ही होती. ठिगळ पक्कं बसलं होतं, तिथून थेंबही आला नाही. पण नंदाताई अचानक पाय वर घेत म्हणाल्या, "अहो जावईबापू, मागून पाणी येतंय!"

सुकाणूच्या एका स्क्रूपाशी पाणी झिरपत होतं. अन्वी हसत सुटली आणि ओंजळीने पाणी बाहेर टाकायला लागली. प्रिया म्हणाली, "राहू दे, जरा वेळ नुसता बस." पण विपुल केव्हाच मागे वाकून स्क्रू चाचपत होता.