हिरव्या दोऱ्याचं झाड

तात्या समोरच्या माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, गळ्याकडे पाहत. बाई ओट्यापुढे येऊन उभी राहिली की त्यांची नजर तिच्या मंगळसूत्रावर, पोतीवर नाहीतर साध्या काळ्या दोऱ्यावर जायची आणि बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. "हे पोवणं आमचं न्हाय. इंदापुरात केलंया. जपा, चार दिसांत सुटंल." बाई चकित होऊन विचारायची, "तुमाला कसं कळलं, तात्या?" त्यावर ठरलेलं उत्तर, "गाठ बोलती."

बारामतीच्या पेठेत एका ओट्यावर त्यांचं पटवेकऱ्याचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं. एक चटई, एक लाकडी पेटी, भिंतीत दोन खिळे आणि खिळ्यांना लटकणाऱ्या काळ्या-लाल रेशमाच्या लडी. सोनार मणी-वाट्या घडवतो; त्या दोऱ्यात ओवून, गाठी मारून, गळ्यात घालण्याजोग्या करतो तो पटवेकरी. हल्लीच्या मुलींना हा शब्दही सांगावा लागतो, म्हणून सांगितला. तात्यांना नावगाव असणारच, पण अख्खी पेठ त्यांना तात्या म्हणायची आणि मला ते विचारायचं कधी सुचलं नाही.

मी तेव्हा बाविशीची होते. वडगाव निंबाळकरची मुलगी, ट्रेनिंग करून बारामतीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झालेली आणि त्यामुळे स्वतःला जरा शहाणी समजणारी. आत्याकडे राहत होते. आत्याचं दार तात्यांच्या ओट्यासमोरच, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला आपोआप ऐकू यायचं. न आलं तर मी दारात येऊन ऐकायची.

त्यांचा एक नियम होता. घातलेली गाठ ते सोडत नसत. मंगळसूत्र लांब करून द्या म्हणून कोणी आलं तर म्हणायचे, "तुमी घरी सोडून आना, मी नव्यानं घालतो. घालनारा हात सोडनारा नसावा." हे इतकं अंगात मुरलेलं, की भाकरीच्या फडक्याची गाठसुद्धा त्यांची बायको सोडून देऊन मग घरी जायची. एकदा ती माहेरी गेली, तर तात्या समोर बांधलेली भाकरी ठेवून शेजारच्या पानवाल्याला हाका मारत बसले होते. आम्ही हसायचो. पण लग्न ठरलं की बारामती-इंदापूरकडची माणसं मंगळसूत्र गाठवायला याच ओट्यावर यायची. तात्यांच्या हातची गाठ म्हणजे संसार टिकतो, असं बायका मानत. संसार कशाने टिकतो ते आता मला थोडंफार कळतं, पण तेव्हा मीही मानत होते.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या सरकारी दवाखान्यात एक नवी नर्सबाई आली. नगरकडची, ख्रिस्ती, माझ्याच वयाची. दोघी नोकरी करणाऱ्या, म्हणून आमचं जमलं. मार्गशीर्षात एके दिवशी ती माझ्याकडे हिरव्या दोऱ्याची एक जाड लड, डबीभर काचेचे मणी आणि एक जुनं भेटकार्ड घेऊन आली. कार्डावर नाताळच्या झाडाचं चित्र होतं. तिची आई दर नाताळला दोऱ्याच्या गाठी मारून, मणी ओवून तसं झाड करायची आणि भिंतीवर टांगायची. दोरा आईनेच रंगवलेला. आई श्रावणात गेली होती.

"मला गाठी येत नाहीत," नर्सबाई म्हणाली. "आई शिक शिक म्हणायची, मी अभ्यास आहे म्हणायचे. तुमच्या समोरचे ते आजोबा करतील का? आईचं झाड नसलेला नाताळ मला नको वाटतो."

मी तोऱ्यात म्हणाले, "तात्या कसलीही गाठ घालतात. माझ्याकडे लागलं."

लागलं खरं. पण त्याच आठवड्यात शाळेची तपासणी निघाली. हजेरीपट, टाचणवह्या, भिंतीवरचे तक्ते यांच्या धांदलीत ते कार्ड मी कुठेतरी ठेवलं आणि ते हरवलं. आजतागायत सापडलेलं नाही. मी दोरा आणि मणी घेऊन ओट्यावर गेले.

"झाड करायचंय, तात्या. नाताळचं."

"त्ये कळलं. पर कसलं? आंबा, लिंब, चिच?"

इथे मला दवाखान्यात जाऊन विचारता आलं असतं. दवाखाना काही सातासमुद्रापलीकडे नव्हता. पण मग कार्ड हरवल्याचं सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर ते चित्र मी नीट पाहिलंही नव्हतं. मी उलट त्यांच्यावरच डाफरले.

"झाडासारखं झाड हो! आपल्याकडे असतात तसं. मणी लावा, शेंड्याला चांदणी लावा, झालं."

"बरं," तात्या म्हणाले.

दोन दिवस ओटा बंद होता. नंतर कळलं, ते कालव्याच्या काठी एका बाभळीसमोर जाऊन बसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बांबूच्या कामट्या तासल्या, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि गाठींमागून गाठी पडू लागल्या. सगळा एकच दोरा, कुठे जोड नाही. मी शाळेत जाता-येता पाहत होते आणि खूश होत होते.

झाड झालं ते असं झालं की येणारा-जाणारा थांबून पाही. खाली बारीक खोड, वर छत्रीसारखा पसरलेला फांद्यांचा घेर, पिवळ्या मण्यांची फुलं, पांढऱ्या लांबट मण्यांचे काटे. कालव्यावरची बाभूळच भिंतीवर येऊन बसली होती.

नर्सबाई पाहायला आली. आधी तिला कळेचना. मग तिने झाडाला हात लावला, आईच्या दोऱ्याला, आणि हसायला गेली. ते हसू काही जमलं नाही. "फार सुंदर आहे हो," ती म्हणाली. "पण आमचं झाड वर टोकदार असतं, खाली रुंद. बाईंनी चित्र दाखवलं होतं ना?"

पानवाला मध्येच म्हणाला, "उलटं टांगा की!" तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला चित्राची गोष्ट पहिल्यांदाच ऐकणारा माणूस समोर दिसत होता आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं होतं.

"दावलं व्हतं," तात्या म्हणाले. "माज्याच ध्यानात राह्यलं न्हाय."

नाताळला चार दिवस होते. तसा दोरा दुसरा मिळणार नव्हता; मिळाला असता तरी तो तिच्या आईचा नव्हता. कात्री लावली तर त्याचे तुकडे होणार. पानवाला म्हणाला, "आना, मी सोडून देतो." पण एवढ्या बारीक गाठी, दोरा न तुटता सोडणं त्याच्याच्याने होणारं नव्हतं. तात्यांनी झाड मांडीवर घेतलं आणि सुई लावून पहिली गाठ स्वतः सोडली.

दिवस आठवडी बाजाराचा. पेठ माणसांनी भरलेली. तात्या गाठ सोडतात म्हटल्यावर ओट्यापुढे बघ्यांची रीघ लागली. कोणी गमतीने विचारत होतं, कोणी काळजीने. एक म्हातारी तर "आरं द्येवा" म्हणत कपाळाला हात लावून निघून गेली. तात्या मान वर न करता सोडत होते. मी हे सगळं आत्याच्या दारातून पाहिलं आणि मला स्वतःचा राग आला. तेव्हाही मी रस्ता ओलांडून गेले नाही.

गेले ते दुसऱ्या दिवशी, बाजार उठल्यावर.

"तात्या, चित्र मी हरवलं. तुम्हाला दाखवलंच नव्हतं."

"व्हय, मला ठाव हाय की. मी चित्र बघितलंच न्हवतं."

"मग तसं बोलला का नाही?"

"तुमची तपासनी हाय म्हनत हुता. पोरीची जात, नवी नोकरी. मास्तरीनबाईचं ध्यान न्हाय म्हनून चार लोकांत झालं आसतं. माजं काय, म्हातारा झालोय, इसरलो म्हनायचं." आणि मग, समजूत घालावी तसं म्हणाले, "कुनाला सांगू नका आता. झालं ते झालं."

त्यांनी सांगू नका म्हटलं हे मला सोयीचंच होतं. मी ते लगेच ऐकलं.

दुसरं झाड वेळेवर झालं. टोकाला चांदणी, खाली रुंद. एकदा गाठीत आवळला जाऊन सुटलेला दोरा सरळ राहत नाही, कुरळा होतो. त्यामुळे फांद्या अशा भरगच्च फुलल्या होत्या की नर्सबाई पाहतच राहिली. नाताळच्या दिवशी तिने आम्हा दोघांना खोलीवर बोलावलं, करंज्या दिल्या. "आईच्या झाडाला एवढी पानं नसायची," ती म्हणाली. "कसं केलंत?" "दोरा चांगला हाय," तात्या म्हणाले. त्या दिवशी ती रडली, पण ते चांगलं रडणं होतं. मी खाली पाहून करंजी खात होते.

ही गोष्ट इथेच संपती तर मी ती लिहिलीच नसती. पण माघात लग्नसराई सुरू झाली आणि तात्यांच्या ओट्यावर वर्दळ दिसेना. तात्या आता गाठ सोडतात, हे बाजारातून गावोगाव गेलं होतं. जाता जाता ते 'तात्यांची गाठ सुटते' असं झालं. कोण कशाला लेकीच्या मंगळसूत्राची परीक्षा पाहील? लोक सरळ इंदापूर गाठू लागले. तात्या सकाळी येऊन चटई अंथरायचे, लडी खिळ्याला लावायचे, संध्याकाळी काढायचे. पूर्वी ते बायकांच्या गळ्याकडे पाहून बोलायचे. आता बायका पदर घट्ट घेऊन पुढे जायच्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

चैत्रात माझं लग्न ठरलं. मुलगा कारखान्यात कारकून, घरचा मळा कळंबला. होणाऱ्या सासूबाई बस्ता बांधायला बारामतीला आल्या आणि आत्याकडे पाणी प्यायला टेकल्या. मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही चार घरांत ऐकू जायचं. त्या म्हणाल्या, "मंगळसूत्र इंदापुरात गाठवू. हितल्या तात्याची गाठ सुटती म्हनं."

सासूबाईंशी माझं हे पहिलंच नीट बोलणं. त्यात आपलीच लाज काढायची म्हणजे काय, ते तुम्ही ओळखाल. आत्या खुणेने गप बस म्हणत होती. पण समोर उघड्या दारातून तात्या दिसत होते, रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसलेले. मी बोलत सुटले. कार्डापासून बाभळीपर्यंत आणि बाभळीपासून माझ्या गप्प बसण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी फुलपात्र खाली ठेवलं. "म्हंजे तू खोटं बोलली न्हाईस. नुसती गप बसलीस."

"हो."

"त्ये जास्त वाईट," त्या म्हणाल्या. मला वाटलं, मोडलं लग्न. त्या उठल्या, कमरेची चंची चाचपली, तिच्यात वाट्या आणि मणी होते, आणि तडक रस्ता ओलांडून गेल्या. तो दिवसही बाजाराचाच होता.

"ओ तात्या! आमच्या सुनंचं मंगळसूत्र गाठवायचं हाय!"

तात्या गडबडले. "माज्याकडं? लोक म्हनत्यात..."

"लोकाला काय ठाव? चित्र हरवलं आमच्या सुनेनं, अन् तिची आब्रू राखायला गाठ सोडली तुमी. तिनंच सांगितलं मला."

"आवो, हळू बोला."

"का हळू? सोडली तवा साऱ्या बाजारानं बघितलं न्हवं? मग ह्ये बी ऐकंल की बाजार!"

बाजाराने ऐकलं. पानवाल्याचा अडकित्ता थांबला. मी दाराआड उभी होते, कानशिलं तापली होती आणि तरी बरं वाटत होतं. तात्यांनी पेटी उघडली. एरवी घटकेचं काम, त्या दिवशी त्यांनी दोन तास लावले. सासूबाई तिथेच बसून राहिल्या.

लग्नाच्या आधी मी नमस्काराला गेले, तर म्हणाले, "सांगायचं न्हवतं, बाई." आणि मग, "दोरा झिजला की हितंच या. दुसरीकडं जाऊ नका."

गिऱ्हाईक हळूहळू परतलं. सगळं नाही, पण पुष्कळ. पुढे नर्सबाईची बदली झाली. हिरवं झाड ती बरोबर घेऊन गेली.

मी कळंबला आले, संसारात पडले. दोरा झिजला होता, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं गेली. अखेर बारामतीला गेले तेव्हा ओट्यावर एक फण्या-आरसे विकणारा बसला होता. तात्या संक्रांतीच्या सुमारास गेले, म्हणाला. सवयीने की काय, माझा हात गळ्याशी गेला होता. मग एसटी पकडून घरी आले.

दुसरीकडे जाऊ नका म्हणाले होते, म्हणून मी बाजारातून काळा दोरा आणून स्वतःच मंगळसूत्र ओवलं. जमेल तशा गाठी मारल्या. महिनाभराने भाकरी थापताना गाठ सुटली आणि मणी घरभर झाले. मी गुडघ्यांवर बसून वेचू लागले. आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांनी सुटलेलं दोऱ्याचं टोक उचललं, उजेडात धरून पाहिलं.

"ही तात्याची गाठ न्हाय न्हवं?"

"नाही. माझी."

"तरीच सुटली," त्या म्हणाल्या आणि पाटाखालचा मणी काढायला वाकल्या.