खीर घरपोच मिळणार नाही

देशाच्या राजधानीत, आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दर वैशाखी पौर्णिमेला मी पातेलंभर खीर करायचे आणि जिने चढून-उतरून घरोघरी वाट्या पोचवायचे. आम्ही बौद्ध. त्या संध्याकाळी आमच्याकडे वंदना असते आणि तिचं आमंत्रण मी आधी दारोदार जाऊन द्यायचे. सगळ्या जणी म्हणायच्या, "अरे बिल्कुल, आना ही है!" यायचं कुणीच नाही. खीर मात्र सगळ्यांना चालायची. वाट्या घासूनपुसून परत यायच्या, वर "इलायची थोड़ी और डालना" असा सल्लाही.

समोरच्या दारातल्या वहिनी साताऱ्याकडच्या. त्यांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी न चुकता जाते. कुंकू लावून घेत नाही, पण तिळगूळ खाते, वाण घेते, उखाण्यांना पोट धरून हसते. मग माझ्याकडे यायला यांना काय होतं? सगळ्यात आधी मी त्यांनाच बोलवायचे. माझी आई इथल्या हॉस्पिटलात शेवटचे दिवस काढत होती, तेव्हा बाकावर माझ्याशेजारी बसून राहिलेली बाई हीच. आई गेल्यावर मला ज्या वंदनेने सावरलं, ती मी हिला नाही ऐकवायची तर कुणाला? मला त्या शेजारी बसलेल्या हव्या होत्या, बस्स.

गेल्या वर्षी मी जाहीर केलं, खीर कुणाला पाठवणार नाही. हवी त्याने यावं, बसावं, वंदना झाली की पोटभर खावी.

नवरा वैतागला. "उगाच लोकांच्या मागे नको लागूस यार. सगळी ऑफिसातली माणसं आहेत."

"लागणार," मी म्हटलं. "एकदा बोलावून गप्प बसायचं, तर बोलवायचं तरी कशाला?"

आणि खरंच लागले. वहिनींकडे दुसऱ्यांदा गेले, मग तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात जोडले.

"अगं, किती तो फॉलोअप! हा प्रचार झाला तुझा."

"आणि तुमचं हळदीकुंकू?"

"ते वेगळं गं. ते कल्चरल असतं."

माझं डोकंच सटकलं. यांनी बोलावलं की संस्कृती, मी बोलावलं की प्रचार! "अच्छा? मग करते मी प्रचार," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मराठी मुलं-मुली मेट्रोने आली आणि कूलरसमोरच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसली. त्यांतली निम्मी बौद्ध नसतात. घरच्या जेवणासाठी येतात हे मला ठाऊक आहे, खुशाल येऊ देत. सुरू करणार एवढ्यात दारात वहिनी उभ्या. हातात स्टीलचा डबा.

"बसत नाही गं. यांना तुझी खीर हवीय, तेवढी दे."

"वंदना झाल्यावर. आत या ना."

"गॅसवर भाजी आहे."

"बंद करून या. आम्ही थांबतो."

त्या गेल्या आणि आम्ही खरोखरच थांबलो. मूर्तीपुढची मेणबत्ती तशीच, काडेपेटी माझ्या हातात. मुलं हळूच मोबाइल बघायला लागली. सुरू कर, असं नवरा डोळ्यांनी खुणावत होता. मग समोरच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. मला रडू फुटलं. रागाने फुटलं असं मी नवऱ्याला सांगितलं, पण खरं तर फार लागलं होतं. दार सताड उघडं ठेवलं आणि खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात त्रिशरण म्हटलं.

सकाळी मी त्यांची बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं, आत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला बसायला काही नाही गं. यांना चालत नाही."

आत भाऊजी पेपर वाचत होते. खीर चालते, वंदना चालत नाही! आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की भाऊजींना मी कधी बोलावलंच नव्हतं. हळदीकुंकवाला जसं घरातल्या बायकांनाच बोलवायचं, तसंच मी वंदनेलाही शेजारच्या बायकांनाच बोलावत आले होते. मी वहिनींच्या बाजूने आत शिरले आणि थेट पेपरासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, आषाढी पौर्णिमेला आमच्याकडे वंदना आहे. तुम्ही दोघांनी यायचं."

पेपर हलला नाही. "बघू," पेपराआडून आवाज आला.

"बघू नाही, या. मी पुन्हा विचारायला येणार आहे. त्यानंतरही येणार आहे."

आता पेपर खाली आला. भाऊजी माझ्याकडे न बघता माझ्या मागे, दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघत होते.

"मी जाणार आहे," वहिनी त्यांना म्हणाल्या.