कूलरखालचा पाट

दहावीचा शेवटचा पेपर संपला आणि बोर्डाच्या आधी घरानेच माझा निकाल लावला. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, जेवताना म्हणाले, "आर्ट्स घेऊन टाक वं. पोरीच्या जातीले सायन्स काहून पाहिजे?" बाबा मान खाली घालून जेवत राहिले. मला सायन्सच हवं होतं. माझं डोकं तापलं ते तापलंच.

त्याच आठवड्यात कूलर काढला. ऊन चढलं की नागपुरात घरोघरी हेच काम. आमचा कूलर लोखंडी, अगडबंब. अंगणातल्या ओट्यावर धुऊन, जाळीतली वाळ्याची खस बदलून, लागूनच असलेल्या खिडकीखालच्या स्टँडवर सरकवायचा. पण मोठ्या बाबांची रीत अशी, की आधी टाकी काठोकाठ भरून गळती पाहायची आणि तसाच ढकलायचा! ते, बाबा आणि चुलतभाऊ घामाघूम झाले. कूलर ढिम्म.

"पाणी सोडा ना पहिले," मी म्हटलं. "वजन जास्त तर घर्षण जास्त. फरशी सोडणार नाही त्याले."

"तुले कोणी विचारलं? जोर लावा रे!"

मी सरळ टाकीचं बूच उपटलं. पाणी भसाभसा जास्वंदीच्या आळ्यात गेलं.

"अवं, काय करून राहिली तू!"

स्टँडचे पाय दरवर्षी ओल्या मातीत रुतायचे, कूलर कलंडायचा आणि पाणी खोलीत यायचं. म्हणून स्वयंपाकघरातून दोन पाट आणून पायांखाली सरकवले. त्यातला एक पितळी फुलांचा, मोठ्या बाबांचा, ज्यावर घरात दुसरं कोणी बसत नसे. फळ्या होत्या की घरात. मी मुद्दाम तोच घेतला.

"माहा पाट?"

"वजन तेवढंच राहते, मोठे बाबा. जागा वाढली का दाब कमी होते. पाय रुतत नाही."

मग आईला हाक मारली. आम्ही दोघींनी रेटला आणि कूलर कुरकुरत स्टँडवर गेला.

संध्याकाळी भरला कूलर सरळ उभा होता. मोठे बाबा त्याच्या गार हवेत नुसत्या फरशीवर जेवायला बसले. भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं.

"सायन्सचं कॉलेज दूर आहे. बस बदला लागते."

"बदलीन."

"जाईल ती," बाबा म्हणाले. या वेळी त्यांची मान वर होती.

मी गेले. मोठ्या बाबांनी नंतर तो पाट कितीदा तरी मागितला. मी दिला नाही, अजूनही देणार नाही.