पाण्याशिवायची शुद्धी

दिनूभाऊ गेल्याचा फोन अमरावतीत माझ्याकडे आला, तेव्हा मी विचारलं, "कोणते दिनूभाऊ?" कॉलेजपासूनच्या मित्राबद्दल असा प्रश्न विचारणं फक्त मलाच जमतं.

अकोल्यात वकिली करणाऱ्या या माणसाला स्फटिकांचं वेड. पातूर-बाळापूरकडे विहीर खोदताना चमकणारा दगड निघाला, की पक्षकार तो वकीलसाहेबांसाठी बाजूला ठेवत. बैठकीतल्या काचेच्या कपाटात असे कितीतरी खडे होते. त्यांची धूळ तो मऊ, कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाणी आणि ऊन, दोन्ही वर्ज्य. मला त्यानं दोन खडे दिले होते. जांभळा मी खिडकीत ठेवला, तर आमच्या उन्हाळ्यांनी त्याचा रंग उडवून पाणी घातलेलं सरबत करून टाकलं. दुसरा जिप्समचा, काचेसारखा आरपार. घरातली भांडणं थांबतील असं कुणी सांगितलं म्हणून तो मिठाच्या पाण्यात बुडवला आणि विसरलो... आठवला तेव्हा मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा माझ्याकडे पाहत होता. भांडणं सुरूच होती.

"पाण्यात काहून टाकला बे?" दिनूभाऊ कडाडला.

"शुद्ध करून राहिलो होतो."

"मंग तूच बसाचं ना पाण्यात! हा विरघळते, तू थोडीच विरघळतं!"

मी अकोल्याला पोचलो. तेरवीच्या आधी दिनूभाऊचं घर शुद्ध करायचं होतं. सारं घर धुऊन झालं तेव्हा गुरुजींनी कपाटाकडे बोट दाखवलं. "हेबी धुवा. त्यायचा जीव याच्यातच होता."

वहिनी थबकल्या. न धुवावं तर नवरा इथेच अडकून राहील ही धास्ती. धुवावं, तर त्यानं जन्मभर जपलेलं आपल्याच हातानं नासवायचं.

"पाणी नको वहिनी," मी म्हणालो, "मी बुडवून पाहिलंय." त्या घरात माझ्या मूर्खपणाला पहिल्यांदाच साक्षीदाराचा मान मिळाला.

"मंग शुद्ध कसे होतीन?" गुरुजी.

वहिनी कपाटासमोर येऊन म्हणाल्या, "माह्यावर शिंपडा पाणी. हात पुसून मीच एकेक खडा हाती घेईन. माह्या हातानं होतीन ते शुद्ध."

गुरुजींनी डोकं खाजवलं. "चालते," म्हणाले. त्यांना दुसरीकडेही जायचं होतं.

वहिनींनी एकेक खडा तळव्यावर घेतला, ब्रश फिरवला, जागेवर ठेवला. शेवटी एक जिप्सम राहिला. त्याच्या बुडाशी बारीक ओरखडा होता. नवा दगड आला की मऊ आहे का हे दिनूभाऊ नखानं बघायचा. वहिनींनी त्या ओरखड्यात आपलं नख ठेवून पाहिलं. ओरखडा त्यांच्या नखापेक्षा रुंद होता.

"नखं काढा म्हनू म्हनू जीव गेला माहा," त्या म्हणाल्या, आणि कपाटाची काच लावून घेतली.