मास्तरांचा कंटाळा

मास्तर टाइप करताना कीबोर्ड तर सोडाच, पडद्याकडेही बघत नसत. खिडकीबाहेर नागापूरच्या रस्त्यावरचे टेम्पो न्याहाळत त्यांची बोटं चालायची. आमच्या कारखान्याच्या संगणक विभागात येण्याआधी ते श्रीरामपुरात टायपिंग शिकवत, म्हणून मास्तर. मूळचे कर्जतकडचे, नोकरीत केस पिकले, बोली मात्र तीच राहिली.

नव्वदच्या दशकातलं आमचं मेनफ्रेम अवाढव्य आणि तितकंच हट्टी होतं. त्याच्या युनिक्स या प्रणालीला प्रत्येक कमांड अक्षरन् अक्षर टाइप करून द्यावी लागे. फाइलींची नावं मारुतीच्या शेपटाएवढी. एक अक्षर चुकलं की अख्खी ओळ पुन्हा. "मशीनला लाज न्हाई आन् आठवन बी न्हाई," मास्तर म्हणत.

मीही त्याच विभागात दिवसभर टाइप करायचे. त्यातच गोदामाच्या शटरखाली माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. जखम भरली, पण बोटं वाकेनात. साहेब म्हणाले, "बाई, महिनाभर बघू. नाही जमलं तर पॅकिंगला जा." घरात कमावती मी एकटीच आणि पॅकिंगचं काम रोजंदारीचं. शिवाय तिथेही बोटं लागतातच.

मास्तर माझ्या हाताबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, मला टायपिंगचा लई कंटाळा आलाय. पुन्यात एक नवा शेल मिळतोय. त्याची टेप आनू का?" शेल म्हणजे आपली कमांड मशीनपर्यंत पोचवणारा मधला माणूस. टायपिंगच्या मास्तरांना टायपिंगचा कंटाळा! साहेब हसले, पण हो म्हणाले.

टेप आली, पण आमचं मशीन काही तिला घरात घेईना. रोज जेवणाच्या सुट्टीत मास्तर एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने त्याची समजूत काढत. अखेर एका दुपारी म्हणाले, "पोरी, वरचा बान दाब." दाबला, तर मघाची ओळ जशीच्या तशी हजर! "आता फायलीच्या नावाची दोन अक्षरं मार आन् टॅब दाब." उरलेलं नाव मशीनने आपणहून पुरं केलं. मला रडूच कोसळलं. "रडती काय? काम कर," मास्तर म्हणाले. महिना संपला आणि माझी खुर्ची जागच्या जागी राहिली.

काही वर्षांनी मास्तर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांचं लॉगिन माझ्याकडे आलं. सवयीने मी वरचा बाण दाबला. ओळ आलीच नाही, नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली. मास्तरांनी नवा शेल स्वतःसाठी कधी लावलाच नव्हता. इतकी वर्षं ते जुन्यातच अक्षरन् अक्षर टाइप करत होते.

मी फाटकाकडे धावले. "पळत कशाला आली? मशीन बंद पडलं का?" त्यांनी विचारलं. तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.